सुट्टीचा दिवस आणि समतेचा धडा: ठाण्यातल्या नवख्या पालकांसाठी

ठाण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत २६ जानेवारीचा कार्यक्रम सारखाच असतो. आठला झेंडावंदन, लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी, कमिटीतल्या कुणाचं तरी छोटं भाषण, मग वडापाव नाहीतर जिलबी. साडेनऊपर्यंत सगळं आटोपतं. मोठी माणसं वर जातात आणि पांढऱ्या कपड्यांतली मुलं खाली रेंगाळत राहतात. संविधान लागू झालं म्हणून ही सुट्टी मिळाली, पण त्या संविधानाने आपल्याला काय दिलं हे त्या सकाळी त्यांना कुणीच सांगत नाही. साडेनऊ ते बारा हे अडीच तास हाती असतात. ते कसे वापरायचे, ते इथे लिहिते आहे.

घोडबंदर रोडच्या बाजूला आम्ही काही पालक सुट्ट्यांच्या दिवशी मुलांसाठी असे उपक्रम घेतो. त्यासाठी शिक्षक असावं लागत नाही, पैसेही फारसे लागत नाहीत. तयारी लागते ती मनाची. मुलं जे बघायला शिकतात ते घरी येऊन बोलतात. ‘आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा का?’ हा प्रश्न तुमच्या स्वयंपाकघरात विचारला जाणार आहे. तेव्हा तो कप आधी बदला, मग मुलांना बोलवा.

‘सगळे समान असतात’ हे वाक्य मुलांनी शाळेत इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते त्यांच्या कानांवरून जातं. आम्ही ते वाक्य वापरतच नाही. आम्ही तीन प्रश्न विचारतो. इथे कोणाला येऊ देत नाहीत? कोण अडवतं? ही अडवणूक आधी कुठे मोडली गेली, आणि कशी? पुढचं सगळं या तीन प्रश्नांभोवती फिरतं.

आधी मुलं जमवा

आठ ते चौदा वयाची दहा-पंधरा मुलं पुरेत. त्याहून जास्त झाली की गोंधळ आवरण्यात वेळ जातो. सातच्या आतली धाकटी भावंडं येतीलच, त्यांना चित्रं काढायला बसवा. पाठवून देऊ नका, कारण कित्येक घरांत धाकट्याला सांभाळायची जबाबदारी मोठीवर असते. धाकट्याला घेतलं नाहीत तर ती मोठीही येणार नाही.

फक्त आपल्या गेटच्या आतल्या मुलांना घेऊन हा उपक्रम करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. तुमच्या आजूबाजूला वॉचमनची मुलं आहेत, घरकामाला येणाऱ्या ताईंची आहेत, इस्त्रीवाल्यांची आहेत, पलीकडच्या चाळीतली आणि नव्या टॉवरच्या साइटवर राहणाऱ्या मजुरांची आहेत. त्यांना बोलवायचं तर त्यांच्या आईशी बोला, तिच्या सवडीच्या वेळी, तिच्या दाराशी जाऊन. ‘तुमच्या मुलीला पाठवा, आम्ही शिकवू’ असं म्हणू नका. ‘आम्ही मुलांचा कार्यक्रम करतोय, तुमची मुलगी आली तर बरं होईल, वेळ तुम्हीच सांगा’ असं म्हणा. जुने कपडे, उरलेल्या वह्या यांचं वाटप त्या दिवशी अजिबात नको. एका बाजूला देणारे आणि दुसऱ्या बाजूला घेणारे उभे राहिले की त्या दिवसाचा विषय तिथेच संपतो.

जागा निवडताना गेटचा विचार करा. सुरुवातीला आम्ही क्लबहाऊस घेतलं होतं. आमच्या गटातली दहा वर्षांची एक मुलगी कार्डशीटची गुंडाळी काखेत धरून गेटवर उभी होती. तिच्या समोरून तिच्याच वयाची तीन मुलं सायकलवरून आत गेली, त्यांना कुणी हटकलं नाही. हिला मात्र ‘कुणाकडे जायचंय? फ्लॅट नंबर?’ असं विचारून रजिस्टरपाशी थांबवलं. विचारणारा वॉचमन तिच्याच गल्लीत राहणारा, तिला नावानिशी ओळखणारा. पण नियम वरून आलेला, तो तरी काय करणार? वर जाऊन समता शिकायची आणि खाली गेटवर हे. तेव्हापासून आम्ही महापालिकेच्या उद्यानात बसतो. तिथे कोणी कोणाला नाव विचारत नाही. तुमच्या वॉर्डातलं मैदान, शाळेचा व्हरांडा, बुद्धविहार, वाचनालय, काहीही चालेल. सगळ्यांना सारख्याच सहजतेने आत येता येतं का, एवढं बघा.

सामान थोडंच लागतं. सतरंजी, पाण्याचा एक माठ आणि एकसारखे पेले, खडू, स्केचपेन, कार्डशीट, पिवळी फीत, रिकाम्या काडेपेट्या, आणि संविधानाची मराठी प्रत किंवा निदान उद्देशिकेचं छापील पान.

पहिला अर्धा तास: अन्यायाचा खेळ

लगोरी लावा. खेळ रंगला की चिठ्ठ्या काढा आणि निम्म्या मुलांच्या मनगटाला पिवळी फीत बांधा. मग नवा नियम सांगा: पिवळ्या फीतवाल्यांनी चेंडूला हात लावायचा नाही, लांब गेलेला चेंडू पायाने ढकलत आणून द्यायचा, आणि गुण मात्र दुसऱ्यांनाच मिळणार. पाच-सात मिनिटं असं खेळवा. मग फिती बदला, पुन्हा तेवढाच वेळ. त्याहून ताणू नका.

इथे एक पथ्य कडक पाळा. फीत चिठ्ठीवरच ठरली पाहिजे. रंग, आडनाव, धर्म, घर कुठे आहे, आई-वडील काय करतात, यातलं काहीही या खेळात आणायचं नाही. ‘तू सवर्ण हो, तू दलित हो’ असल्या भूमिका मुलांना कधीही देऊ नका. जे एखाद्याच्या घरात खरोखर भोगलेलं आहे त्याचा खेळ करणं क्रूरपणा आहे. आणि हा खेळ आहे, थोड्याच वेळात संपणार आहे, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

नंतर सतरंजीवर बसा आणि विचारा: फीत बांधल्यावर काय वाटलं? ज्यांना फीत नव्हती त्यांच्यापैकी कोणी ‘हा नियम बरोबर नाही’ असं म्हटलं का? बहुतेक वेळा कुणी म्हटलेलं नसतं. ‘नियमच होता ना’ असं मुलं म्हणतात. हे उत्तर जपून ठेवा, दिवसभर त्याच्याकडे परत यायचं आहे. मुलांना टोचू नका, ‘बघा, तुम्ही गप्प बसलात’ असं म्हणू नका. पुढच्या वेळी कोणी बोलला तर त्याच्या बाजूने कोण उभं राहील, एवढंच विचारा.

पाण्याची गोष्ट

नवख्या माणसाने पहिल्या वेळी एकच गोष्ट सांगायची ठरवली तर ती महाडची सांगावी. माठ मध्ये ठेवा, सगळ्यांना पाणी द्या, आणि पेले हातात असतानाच सुरू करा.

‘महाडात चवदार तळं आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे गुरं पाणी पीत, कुत्री पाणी पीत, गावातले लोक पाणी नेत. पण ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या माणसांना तिथे हात लावायची बंदी होती.’ एवढं सांगून थांबा. मुलं स्वतःहून विचारतात, ‘कायदा नव्हता का?’ इथेच गोष्टीचा गाभा आहे. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला होता. सरकारी पैशाने बांधलेली किंवा राखलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले करा, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपलं तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर तळं खुलं झालं. प्रत्यक्षात तिथे जायची सोय नव्हतीच.

मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसं रांगेने, शांतपणे तळ्यावर चालत गेली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी. ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा थोड्या वेळाने कुणीतरी उठवली, आणि परिषदेला आलेल्या लोकांना गाठून मारहाण झाली. पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं. त्यासाठी दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या घागरी तळ्यात ओतल्या. हे ऐकताना मुलं हातातल्या पेल्याकडे बघतात. बघू द्या. माणसाने पाणी प्यायलं म्हणून पाणी बाटलं आणि शेणाने ते शुद्ध झालं, यावर दहा वर्षांचं मूल जे बोलतं त्यात तुम्हाला काही भर घालावी लागत नाही.

गोष्ट इथे संपवू नका. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला १९३७ मध्ये. म्हणजे दहा वर्षांनी. ओंजळभर पाण्यासाठी लोक दहा वर्षं कागदपत्रं जमवत, तारखांना जात राहिले. शौर्याची गोष्ट सगळे सांगतात, चिकाटीची कोणी सांगत नाही. आणि महाडला बाबासाहेबांबरोबर कोण कोण होतं तेही सांगा: नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, आणि कोकणातल्या गावोगावहून चालत आलेली, ज्यांची नावं पुस्तकांत नाहीत अशी माणसं. त्याआधीची एक कडी हवी असेल तर जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला, ती गोष्ट जोडा.

आता संविधान काढा. अनुच्छेद १५ चा दुसरा भाग मोठ्या मुलांकडून वाचून घ्या. त्यात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी यादीच आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून तिथे कुणालाही मज्जाव करायचा नाही. संविधानात तलाव आणि विहिरी कशासाठी आल्या, हे मुलांना आता सांगावं लागत नाही. त्याच्याच मागे अनुच्छेद १७ आहे, अस्पृश्यता नष्ट करणारा.

ठाणे तलावांचं शहर आहे, त्याचा उपयोग करा. संध्याकाळी मुलांना तलावपाळीला न्या आणि यादीतली किती ठिकाणं दिसतात ते शोधायला लावा. मासुंदा तलाव, भोवतालचा रस्ता, भेळेची गाडी, गडकरी रंगायतन. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न विचारायचा: इथे कोणाला येता येत नाही? एका मुलाने नाटकाच्या तिकिटाच्या पैशांचा मुद्दा काढला होता, दुसऱ्याने पायऱ्या आणि व्हीलचेअरचा. कलमातल्या यादीत हे नाही, पण मुलांच्या यादीत यायला हवं. लिहून घ्या.

बसची गोष्ट

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी असते, आपल्या प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागेच. तिथे हा दिवस लोकांनी सेवेत घालवायचा दिवस मानतात, आणि शाळकरी मुलंही त्यात असतात. दोन्ही दिवस जोडून घेतले की मुलांना कळतं की अडवणूक आपल्याकडेच होती असं नाही, आणि ती मोडणारेही जगभर होते.

खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत मांडून बस करा. ठाण्यातली मुलं टीएमटीने फिरतात, त्यांना समजावावं लागत नाही. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात बसच्या पुढच्या जागा गोऱ्यांच्या असत आणि काळ्यांनी मागे बसायचं, गोरा प्रवासी उभा राहिला तर उठायचं. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स उठल्या नाहीत, त्यांना अटक झाली. ही गोष्ट नेहमी ‘एक दमलेली बाई उठली नाही’ अशी सांगतात. तशी सांगू नका. त्या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत कित्येक वर्षं काम करत होत्या. त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, त्याच शहरात क्लॉडेट कॉल्व्हिन नावाची मुलगी अशीच जागेवर बसून राहिली आणि तिलाही पकडून नेलं. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. हे वय सांगितलं की आठवी-नववीतली मुलं ताठ होऊन बसतात.

अटकेनंतर शहरातल्या बायकांच्या एका गटाने रातोरात हजारो पत्रकं छापून वाटली. काळ्या नागरिकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. कुणी चालत कामाला गेलं, कुणी दुसऱ्याच्या गाडीतून. या आंदोलनाचं नेतृत्व सव्वीस वर्षांच्या किंग यांच्याकडे आलं. बसमधला भेदभाव संपवणारा खटला ज्या बायकांनी लढवला त्यांत क्लॉडेटही होती. मुलांना कागद द्या आणि विचारा: आपल्या शाळेला, बाजाराला, दवाखान्याला बसशिवाय वर्षभर जायचं तर काय काय करावं लागेल? लोकमान्यनगरहून स्टेशन किती दूर आहे, आजींना कोण सोडेल, पावसाळ्यात काय? ही यादी करताना आंदोलन म्हणजे काय असतं ते त्यांना उमगतं. किंग १९५९ मध्ये भारतात आले होते आणि मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले होते. लोकलने तिथे एक दिवस जाता येईल.

वारली चित्र काढताना

मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत ठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक शिबिरात वारली चित्रं असतात. गेरूचा रंग, पांढरी त्रिकोणी माणसं, तारपा. मुलांचे हात वळतात, चित्रं छान येतात, फ्रिजवर लागतात. पण ही चित्रं ज्यांची, ती माणसं कोण होती आणि त्यांचं काय झालं, हे सांगितल्याशिवाय ती चित्रं काढून घेणं मला पटत नाही.

ही आपल्याच जिल्ह्याची गोष्ट आहे. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, त्याआधी तलासरी, डहाणू हे सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या आणि त्याच जमिनींवर त्यांना वेठीने, म्हणजे फुकट, राबावं लागे. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही त्या मालकाकडे बांधली जात. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटत नसे, आयुष्य संपे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. वेठ करायची नाही, मजुरीशिवाय काम नाही, असं तिथे ठरलं. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला, ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. तरी वेठ परत आली नाही.

ही गोष्ट चित्र काढतानाच सांगा, आधी नको आणि नंतरही नको. हात कामात असले की मुलं नीट ऐकतात. मग म्हणा, तारपा नाचाशेजारी झरीची सभाही काढा. त्रिकोणी माणसांची ती गर्दी मुलं फार मन लावून काढतात. संविधानातला अनुच्छेद २३ वेठबिगारीला बंदी घालतो, तो चित्राखाली लिहायला सांगा. येऊरच्या पाड्यांवर मुलांना ‘आदिवासी बघायला’ नेऊ नका. तिथली मुलं तुमच्या कार्यक्रमात येऊन बसली तर उत्तम, पण माणसं ही सहलीला जाऊन बघायची वस्तू नाही.

खाडीपलीकडे, नवी मुंबईत राहणाऱ्यांनी स्वतःच्या जमिनीची गोष्ट घ्यावी. सिडकोने शहर वसवलं ते आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनींवर. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी मोबदल्यासाठी लढले, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यातूनच आली. सानपाडा-नेरूळच्या मुलांना आपली इमारत कुणाच्या शेतावर उभी आहे ते माहीत असावं. ऐरोलीला सेक्टर १५ मध्ये डॉ. आंबेडकरांचं स्मारक आहे, तिथे ग्रंथालय आणि त्यांच्या आयुष्यातली छायाचित्रं आहेत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, पुढे रिक्षा. वेळा आधी विचारून जा.

काडेपेट्यांचं मतदान

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि तिच्यावर त्याचं चिन्ह होतं, कारण बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. वाचता येत नाही म्हणून मत नाकारायचं नाही, हे तेव्हा ठरलं होतं. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या नागरिकांना लिहिण्या-वाचण्याच्या परीक्षा घेऊन मतदानापासून दूर ठेवत. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने ते बंद केलं. तुमच्या काडेपेट्यांवर चित्रं चिकटवा आणि खाऊ झाल्यावर कुठला खेळ खेळायचा यावर मतदान घ्या. डबा ऐसपैस, खो-खो की लंगडी. चिठ्ठ्या मोजायला सर्वांत लहान मुलाला बसवा.

मग दुसरं मतदान. ‘सहाच्या आतल्यांना खेळात घ्यायचं नाही’ असा प्रस्ताव ठेवा. बऱ्याचदा तो पास होतो, आणि बाजूला चित्रं काढत बसलेल्या धाकट्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आता विचारा: जास्त मतं पडली, म्हणून हे बरोबर झालं का? इथे मुलं जोरात भांडतात. भांडू द्या, अर्धा तास गेला तरी चालेल. बहुमताने काय ठरवता येतं आणि काय ठरवता येत नाही, यासाठीच संविधानात मूलभूत हक्क वेगळे लिहिले आहेत. त्यानंतर उद्देशिका सगळ्यांनी मिळून वाचा. ‘दर्जाची व संधीची समानता’ या शब्दांपाशी थांबा आणि गटाचे स्वतःचे पाच-सहा नियम मुलांना लिहू द्या. मोठ्यांनी त्यात हात घालू नये.

खाऊच्या वेळेचीही एक गोष्ट आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून लोक तिथे येईनात. तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायले आणि बरोबरच्यांनाही पाजला. ही सांगितलीत की पुरे, तिच्यावर चर्चा नको.

आपल्या आवारात फेरी

ही पायरी पहिल्या दिवशी घेऊ नका. गट दोन-तीनदा भेटला, मुलं एकमेकांना ओळखू लागली, की घ्या. मुलांच्या जोड्या करा. एक गेटच्या आतला, एक बाहेरचा. प्रत्येक जोडीला एक कागद आणि चार गोष्टी: पाणी, बसायची जागा, शौचालय, लिफ्ट. आवारात कामाला येणाऱ्या माणसाला यातलं काय मिळतं ते बघून लिहायचं. कोणाला दोष द्यायचा नाही, दिसेल तेवढंच लिहायचं.

एका कागदावर मला हे सापडलं होतं: ‘वॉचमन काका बारा तास असतात. खुर्चीचा एक पाय मोडलाय, खाली वीट लावलीय. पंखा नाही. पाणी घरून बाटली आणतात. बाथरूमसाठी समोरच्या पेट्रोल पंपावर जातात.’ खाली वेगळ्या अक्षरात, ‘माझे पप्पा पण असेच करतात.’ पहिला लिहिणारा अकराव्या मजल्यावरचा होता. मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो आईला हे सांगत होता, आणि आई ऐकत होती.

यातून पत्र तयार होतं. कमिटीच्या सेक्रेटरींना, मुलांच्या अक्षरात, सगळ्यांच्या सह्यांसह. पत्रात तीन गोष्टी असाव्यात: आम्ही काय पाहिलं, आम्हाला काय हवं, आणि कधीपर्यंत उत्तर मिळेल. खाली कामवाल्या ताईंनी कुठली लिफ्ट वापरायची याची पाटी असेल तर तीही लिहा. रॅम्प नसेल तर तो लिहा, त्यासाठी २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. पत्राची पोच घ्यायला मुलांना शिकवा. कमिटीच्या मासिक सभेत विषय आला नाही तर वार्षिक सर्वसाधारण सभा आहेच, ती ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. पंखा आणि खुर्ची लवकर मिळते. पाटी काढायला वेळ लागतो, चवदार तळ्याचा निकाल आठवा.

मात्र वॉचमनकाकांना आधी विचारा. मुलांच्या पत्रामुळे त्यांच्या नोकरीवर काही आलं तर ते कुणाच्याच कामाचं नाही. त्यांनी नको म्हटलं तर ते वाक्य पत्रातून काढा.

काही सांभाळायच्या गोष्टी

१४ एप्रिलला बऱ्याच शाळांच्या परीक्षा चालू असतात, तेव्हा दीड तासापेक्षा जास्त नको. मिरवणुकीत ज्यांच्या घरची माणसं असतात त्यांना वेळ विचारून मगच ठरवा. तो त्यांच्या सणाचा दिवस आहे. वेशभूषा स्पर्धा आणि पाठ केलेली भाषणं मी घेत नाही. त्यात आया दमतात आणि मुलांच्या हाती काही लागत नाही. चित्रांना नंबर देऊ नका.

एखादं मूल जातीवरून किंवा धर्मावरून घाणेरडा शब्द वापरेल, तो त्याने कुठेतरी ऐकलेला असतो. सगळ्यांसमोर झापू नका, पण सोडूनही देऊ नका. तिथल्या तिथे शांतपणे सांगा की हा शब्द इथे चालणार नाही, आणि त्याने कुणाला लागलं ते नंतर एकट्याला सांगा. ज्याला लागलं त्याच्याशी आधी बोला. ‘आपली जात कोणती?’ असं मुलाने घरी विचारलं तर सरळ खरं सांगा, आणि त्या नावामुळे आपल्याला काय मिळालं किंवा काय नाकारलं गेलं तेही सांगा. ‘आपण असलं काही मानत नाही’ या उत्तराने मूल गप्प होतं, त्याचा प्रश्न सुटत नाही. दलित, आदिवासी किंवा मुस्लिम मुलाकडे वळून ‘तू सांग, तुला काय अनुभव आला?’ असं कधीही विचारू नका. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.

गप्पांच्या ओघात एखादं मूल मारहाणीचं, कामाला जुंपल्याचं किंवा त्याहून वाईट काही सांगेल. तेव्हा चर्चा थांबवा, त्याला बाजूला घ्या, ऐका, आणि १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करा. फोटो काढायचेच असतील तर चित्रांचे काढा.

‘मुलांच्या डोक्यात राजकारण घालताय’ असं कुणीतरी म्हणेलच. त्यांना बैठकीला बोलवा, संविधानाचं ते पान हातात द्या आणि मुलांबरोबर सतरंजीवर बसवा. काही जण बसतात. एखाद्या घराने मूल पाठवणं बंद केलं तरी त्यांचं नाव यादीतून काढू नका, पुढच्या सुट्टीच्या आधी त्यांनाही बाकीच्यांसारखाच निरोप पाठवा.